बाईंनी बंदी घातलेला शब्द

शाळेच्या यंदाच्या अंकात बाईंवर कुणीतरी लिहावं असं ठरलं आणि मुख्याध्यापिका स्वतः माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, बाईंच्या हाताखालून गेलेले एवढे लोक आहेत, कुणी वकील झालं, कुणी वर्तमानपत्रात आहे, त्यांना सांगा. त्या म्हणाल्या, "ते सगळे वर्गातल्या बाईंवर लिहितील. घरातल्या बाईंवर तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मला उत्तरं वेळेवर कधीच सुचत नाहीत. मी जन्मभर इस्त्री केली. कापडावरच्या सुरकुत्या मला काढता येतात, वाक्यांतल्या नाही. तेव्हा जिथे चुरगळलेलं दिसेल तिथे वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

बाई म्हणजे माझी बायको. शाळेत वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायची. माझं इस्त्रीचं दुकान शाळेच्या समोरच, रस्ता ओलांडला की. आमच्या भागात मला नावाने ओळखणारे थोडे, बाकी सगळे 'बाईंचे मिस्टर' म्हणत. मुलांनी आमच्यावर एक विनोद केला होता आणि दर वर्षी नवी तुकडी तो आपणच शोधून काढल्याच्या थाटात सांगायची : बाई आयरनी शिकवतात आणि मिस्टर आयरन करतात. मीही त्यांच्याबरोबर हसायचो. पण खरं सांगायचं तर तो विनोद मला अर्धाच कळायचा. आयरनी म्हणजे इस्त्रीचंच काहीतरी असणार असं मी धरून चाललो होतो. गोडपासून गोडी, तसं आयरनपासून आयरनी. कडक इस्त्री केलेल्या कपड्याच्या अंगी जो गुण येतो, तो. मी हे एकदा बाईला बोलून दाखवलं. ती जेवत होती. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि बरीच वर्षं ती मी नीट घडी घातलेला शर्ट हातात घेऊन म्हणायची, "वा. काय आयरनी आहे."

घरातही मी तिला बाईच म्हणायचो. लग्नाआधी म्हणत होतो, ते तसंच राहिलं.

ती या शाळेत नवी लागली तेव्हा मागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहायची. सकाळी शाळेत जाताना दुकानात कपडे द्यायची आणि आदल्या दिवशीचे न्यायची. थंडीच्या दिवसांत इस्त्रीखालून नुकतेच निघालेले कपडे ती पिशवीत घालायची नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरायची, गाल टेकवायची आणि थोडा वेळ तशीच उभी राहायची. मी दुसरीकडे बघायचो. एकदा माझ्याकडून दोन दिवस उशीर झाला. ती म्हणाली, "वा, काय वेळेवर दिलेत." मी म्हणालो, "आभारी आहे. पुढच्या खेपेला याहून लवकर देईन." तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, मी चेष्टा करतोय का ते. मी करत नव्हतो. मग तिने कपडे टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून बसून हसली. मला वाटलं, चला, गिऱ्हाईक खूश आहे.

लग्नाचं ठरवलं तिनेच. तिच्या घरी हे पटण्यासारखं नव्हतं. तिच्या थोरल्या भावाने माझ्यादेखत तिला विचारलं, "अगं, याच्याशी तू बोलणार तरी काय?" ती म्हणाली, "मी बोलेन, हे ऐकतील. तुझ्या घरी कुणीच ऐकत नाही, सगळे बोलतात." मला वाटलं भावाची आता चांगलीच जिरली, पण नंतर कळलं की ते दोघं लहानपणापासून असंच बोलत. मला मात्र असं बोलणं कधी जमलं नाही. कुणी काही म्हटलं की मी ते सरळच घेतो. बाई म्हणायची, "तुम्हाला टोमणा मारणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करण्यासारखं आहे."

तिचा वर्ग रस्त्याच्या बाजूला होता. बाराही महिने खिडक्या उघड्या असत आणि तिचा आवाज खणखणीत, त्यामुळे तिचा प्रत्येक धडा मला दुकानात ऐकू यायचा. म्हणजे मी दहावीचं इंग्रजी किती वेळा शिकलो त्याला गणतीच नाही. कळलं किती, हा प्रश्न वेगळा.

ती रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात एक नवा शब्द लिहायची. तो दिवसभर पुसायचा नाही. शाळा सुटायच्या आत प्रत्येकाने तो कुणाशी तरी बोलताना वापरायचा, आणि वर्गाबाहेरच्या माणसाशी. वर्गाबाहेरचं सगळ्यांत जवळचं माणूस म्हणजे मी. मधल्या सुट्टीत मुलं रस्ता ओलांडून यायची. "काका, ही कॉलर फार रिलक्टंट आहे." मी विचारायचो, म्हणजे काय रे? "म्हणजे तिला बसायचं नाहीये, पण तुम्ही बसवताय." ते खरंच होतं. त्या कॉलरचं तेच चाललेलं होतं. तेव्हापासून काही कॉलर माझ्यासाठी रिलक्टंटच राहिल्या.

उपमा आणि रूपक शिकवताना ती फार रंगात यायची. तिचं म्हणणं, सगळा फरक एका 'सारखा'चा आहे. 'सारखा' आला की समजायचं, दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या आहेत, पण मध्ये भिंत आहे. आमचा मुलगा तिच्याच वर्गात होता. घरी आई, शाळेत बाई, अशी त्याला ताकीद होती. एक दिवस उत्तर द्यायला उभा राहिला आणि तोंडातून 'आई' निघून गेलं. वर्ग खदखदून हसला, त्याचे कान लाल झाले. बाईने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि त्याला म्हणाली, "घरी मी तुझी आई आहे. इथे मी आईसारखी आहे. याला काय म्हणतात?" तो खाली मान घालून म्हणाला, "सिमिली." "बस खाली." घरी येऊन तो रात्री जेवला नाही. मग तिने त्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आता 'सारखी' काढून टाक." मला वाटतं त्या दिवसापासून तो धडा त्याच्या डोक्यातून पुसला गेला नाही. पुढे जे झालं त्यासाठी हे सांगितलं.

त्यांच्या पुस्तकात एक गोष्ट होती. मनोऱ्यावरच्या घड्याळाला रोज किल्ली देणारा एक म्हातारा असतो. बाकी गोष्टीत त्याला काही काम नाही. वर चढतो, किल्ली देतो, खाली उतरतो. शेवटच्या पानावर एक दिवस तो वर चढतो आणि किल्ली न देताच उतरून घरी जातो. गोष्ट संपते. बाई मुलांना विचारायची, हे पात्र सपाट की गोल? सपाट पात्र म्हणजे एका वाक्यात सांगून संपतं ते, आणि गोल पात्र आपल्याला चकवतं. मुलं भांडायची. मी एकदा तिला विचारलं, "का उतरला गं तो?" ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "पाय दुखत असतील." तिने माझं हे उत्तर वर्गात जाऊन सांगितलं, माझं नाव न घेता. तरी मधल्या सुट्टीत मुलं मला पाय कसे आहेत विचारायला आली. मी तिला म्हणालो, मी सपाटच ना? ती म्हणाली, "अहो, तुम्ही तर इस्त्री केलेले सपाट."

आता त्या शब्दाकडे येतो.

तिच्या वर्गात एका शब्दाला बंदी होती. इंग्रजीत 'नाईस' आणि मराठीत 'छान'. निबंधात तो आला की ती त्याच्याभोवती लाल शाईने गोल काढायची आणि बाजूला लिहायची, कसं? बाग छान आहे. कशी? आमचे शेजारी फार छान आहेत. कसे? एखाद्या मुलाचं अख्खं पान लाल बुडबुड्यांनी भरून यायचं. ती म्हणायची, "छान म्हणजे विचार करायचा कंटाळा आलाय, हे सांगायची सभ्य पद्धत." घरी माझीही सुटका नव्हती. भाजी कशी झालीय विचारल्यावर मी छान म्हणालो की ती काही न बोलता माझ्या ताटाभोवती बोटाने एक गोल काढायची. मग मला सांगावं लागायचं, मीठ थोडं कमी आहे, पण वाटाणे शिजून अगदी मऊ झालेत, वगैरे. सुरुवातीला मला घाम फुटायचा. पुढे सवय झाली. पुढे पुढे तर मी मुद्दाम छान म्हणायचो, तिने गोल काढावा म्हणून.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना, थंडीतल्या एका सकाळी, ती फळ्यावर रोजचा शब्द लिहीत होती. आर लिहिलं, ई लिहिलं, आणि खडू थांबला. मुलांना वाटलं आज कोडं आहे, पुढचं आपण ओळखायचं. मुलं ओरडून शब्द सांगायला लागली. मला दुकानात तो गलका ऐकू आला आणि मी मनात म्हणालो, आज बाईने काहीतरी नवीन काढलेलं दिसतंय. तिची पाठ वर्गाकडे होती. मुलं एकेक शब्द सांगत होती आणि ती फळ्याला हात टेकून उभी होती. पहिल्या बाकावरच्या मुलीला तिच्या हातातला खडू पडलेला दिसला, तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. ती शांतताही मला ऐकू आली. मी इस्त्री उभी करून धावलो.

मेंदूतली रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली. तोंड उजवीकडे उतरलं. आणि शब्द गेले.

दवाखान्यातून घरी आल्यावर बरेच दिवस ती काहीच बोलली नाही. मग एका सकाळी मी तिला चहा पाजत होतो. तिने ओठ जुळवले, पुन्हा जुळवले, आणि स्पष्ट म्हणाली, "छान."

मला इतका आनंद झाला की मी मुलाला फोन लावला. पण त्यानंतर दुसरा शब्द आलाच नाही. पाणी हवं, छान. पाय आखडला, छान. खिडकी लावायची, छान. उजव्या खांद्यात कळ येऊन तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तोंडातून निघायचं, छान. ते तिला स्वतःलाही ऐकू यायचं. पहिले काही दिवस तो शब्द निघाला की ती डाव्या हाताने तोंड दाबायची.

दिवसाआड एक स्पीच थेरपिस्ट मुलगी यायची. तिच्याकडे चित्रांचे पत्ते होते. पेला, चप्पल, छत्री. "काकू, हे काय?" छान. "आणि हे?" छान. मुलगी गुणी होती, कधी कंटाळली नाही. ती मला म्हणाली, "काका, असं होतं. सगळे शब्द वाहून जातात आणि एखादा मागे अडकून राहतो. तो कुठला राहील हे कुणाच्या हातात नसतं. तो त्याच्या अर्थाने येत नाही, नुसता येतो."

"मग तिला कळतं का आपण बोलतो ते?"

"बरंच कळत असणार. किती, ते मी खात्रीने नाही सांगू शकत." मग पत्ते गोळा करता करता ती म्हणाली, "तुम्ही शब्द ऐकू नका. सूर ऐका. सूर पुष्कळदा शाबूत असतो."

तिचे विद्यार्थी भेटायला आले, आताचेही आणि जुनेही. सगळे पलंगाभोवती उभे राहिले. त्यांच्यातला एक आगाऊ मुलगा होता, वर्गातही असाच असेल. बाई त्याला छान म्हणाली आणि तो बोलून गेला, "बाई, ही म्हणजे सिच्युएशनल आयरनी झाली." बाकीच्यांनी त्याला चिमटे काढले. तो रडकुंडीला आला. त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी एका मुलीला हळूच विचारलं, तो काय म्हणाला? ती म्हणाली, "काका, आयरनी तीन प्रकारची असते. एक बोलण्यातली, म्हणजे बोलायचं एक आणि म्हणायचं उलटंच. एक, वाचणाऱ्याला माहीत असतं पण पात्राला माहीत नसतं, ती. आणि तिसरी म्हणजे ही. जे होऊ नये, नेमकं तेच होतं."

मी दुकानात जाऊन बसलो. एवढी वर्षं तो आवाज रस्ता ओलांडून येत होता आणि मी कॉलर दाबत बसलो होतो.

दुकान मी लवकरच बंद केलं. बाईला एकटं ठेवता येईना. मुलांनी विचारलं, काका, का बंद केलंत? मी म्हणालो, पाय दुखतात. त्यांच्यातली एक मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. टेबल आणि एक इस्त्री घरी आणली, बाईच्या पलंगाशेजारी मांडली. चादरी, अभ्रे, तिचे गाऊन, एवढंच काम. तिची कातडी नाजूक झाली होती आणि एका कुशीवर पडून राहायची, म्हणून अभ्र्याला एकही सुरकुती राहू द्यायची नाही, हा माझा नेम.

मुलाचा फोन दर रविवारी यायचा. तो दुसऱ्या शहरात असतो. त्याचं म्हणणं असं की त्याच्या घरापासून जवळ अशा माणसांची काळजी घेणारी एक जागा आहे, आईला तिथे ठेवू या, तुम्ही आमच्याकडे या. त्याचं चुकत नव्हतं. बाईला उचलून खुर्चीत बसवताना माझी पाठ धरायची. "तुम्ही पडलात तर दोघं पडाल, बाबा," तो म्हणायचा, "आणि आईला काय, कुठेही असली तरी ती छानच म्हणते." ते तो थट्टेने म्हणायचा नाही. दमून म्हणायचा. मी फोन ठेवायचो आणि पलंगावर बघायचो. तिला खरंच कुठेही सारखंच वाटत असेल, तर मी तिला माझ्यासाठी धरून ठेवतोय का? त्याने मोठी मोठी पुस्तकं वाचलीत, मी कोण नाही म्हणणारा? तिला विचारावं तर उत्तर एकच. जायचंय का? छान. नाही ना जायचं? छान.

अशात एक दिवस माझ्या हातून अभ्रा जळला. ती खोकली म्हणून मी वळलो आणि इस्त्री कापडावरच राहिली. पोरसवदा होतो तेव्हापासून हे कधी झालं नव्हतं. अभ्र्याच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग, टोकासकट. खोलीभर करपल्याचा वास. मी तो अभ्रा दोन्ही हातांनी धरून तिच्यासमोर उभा राहिलो, शाळेत पोर उभं राहतं तसा. तिने डाग बघितला. मग माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "छाऽऽन."

तो सूर मी ओळखला. 'वा, काय वेळेवर दिलेत' हे त्याच सुरातलं होतं. मी म्हणालो, "बाई, तू मला टोमणा मारलास?" तिच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. मी अभ्रा खांद्यावर टाकला आणि हसत सुटलो, मग हसणं कुठल्या कुठे गेलं आणि मी तिच्या उशाशी बसून रडलो. तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मला तिची आयरनी आपली आपण कळली होती, आणि ती सांगायला जाऊ तर कुणी विश्वास ठेवला नसता. मलाही दुसऱ्या दिवशी शंका यायला लागली. अडकलेला शब्द एखादे वेळी लांबतही असेल.

नंतर मुलगा आणि सूनबाई आले. जागा बघून, बोलून आले होते. एक खोली रिकामी होत होती, होय-नाही लगेच कळवायचं होतं. सूनबाई मला म्हणाली, "बाबा, तुम्ही किती वाळलात ते आरशात बघा एकदा." तिच्या आवाजात माया होती. डॉक्टरांचं मत, थेरपिस्टचं मत, माझी पाठ, सगळ्यावर बोलणं झालं. सगळं बाईच्या पलंगाशी, तिच्या डोक्यावरून. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

मग मुलगा पलंगाच्या कडेला बसला. फोनवरचे फोटो तिला दाखवायला लागला. "हे बघ आई, ही तुझी खोली. खिडकीतून झाडं दिसतात. या ताई जेवण भरवतात. हा हॉल. सगळं अगदी घरासारखं आहे बघ."

"छान," बाई म्हणाली.

मुलाने माझ्याकडे वळून बघितलं. त्याचे डोळे भरले होते. "बघा बाबा. ती तयार आहे."

मी दाराशी उभा होतो. मी असा मध्ये बोलणारा माणूस नाही. पण बोलून गेलो, "ती नाही म्हणाली."

"अहो, छान म्हणाली ना."

"ती आयरनी होती."

तो थकल्यासारखा हसला. "बाबा, तुम्हाला आयरनी कळते?"

"नाही कळत," मी म्हणालो. "पण तू 'घरासारखं' म्हणालास. घरासारखं म्हणजे घर नव्हे. हे मला नाही, तुला शिकवलं होतं तिने. भर वर्गात उभं करून."

सूनबाईला यातलं काही माहीत नव्हतं, ती त्याच्याकडे बघत राहिली. तो हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही ताणताय. तिला एवढं..."

तेवढ्यात बाईचा डावा हात उठला. तो त्याच्या हातातल्या फोनकडे गेला. तिला बोट सरळ धरता येत नव्हतं. तिने त्या खोलीच्या फोटोभोवती बोट फिरवलं. पहिल्यांदा ते निसटलं. तिने परत फिरवलं आणि जिथून सुरू केलं होतं तिथे आणून टेकवलं.

तो त्या फोनकडे बघत बसला. त्याच्या वह्यांमध्ये असे किती गोल होते ते त्यालाच ठाऊक. मग त्याने फोन उलटा करून चादरीवर ठेवला, आईच्या हातावर डोकं टेकवलं आणि म्हणाला, "आई." एवढंच म्हणाला.

ते दोघं रिकामे परत गेले. जाताना त्याने एक मदतनीस कामाला लावून दिली, उचलायला-बसवायला. मला जाताना म्हणाला, "बाबा, तुम्ही मला चकवलंत." मी म्हणालो, "पाय दुखत होते, म्हणून बोललो." तो हसला. मलाही कसं सुचलं कुणास ठाऊक.

पुढचे दिवस चांगले गेले असं मी म्हणणार नाही. तिची तब्येत खालीच येत गेली. गिळायला त्रास व्हायला लागला. पण आता मी तिचे छान वेगवेगळे ऐकायला शिकत होतो. इस्त्रीवर पाण्याचे थेंब टाकले की आवाजावरून कळतं, सुती कापडाला तापलीय की रेशमाला. तसं थोडंसं. बऱ्याचदा चुकायचो. चुकलो की ती डोळे मिटून घ्यायची, आणि मी पुन्हा विचारायचो. फळ्यावर अर्धा राहिलेला शब्द कुठला, तेही मी विचारून बघितलं. मला येतात तेवढे आर-ईचे सगळे शब्द तिला म्हणून दाखवले, रिलक्टंटसुद्धा. प्रत्येकाला छान. तो कुठला होता ते राहूनच गेलं. शाळेत ती दोन अक्षरं बरेच दिवस कुणी पुसली नव्हती म्हणतात.

ती गेली त्या दिवशी दुपारी मी तिचा अभ्रा बदलला. थंडी होती. अभ्रा इस्त्रीखालून नुकता काढलेला, उशी मानेखाली सारून मी तिचं डोकं हळूच ठेवलं. तिने गाल टेकवला. डोळे मिटले आणि म्हणाली, "छान." तिचा हात पांघरुणाखाली होता, बोट फिरलं की नाही ते दिसलं नाही. मी सूर पकडायचा प्रयत्न केला, पण आवाज फार बारीक होता. त्यानंतर ती बोलली नाही. ऊन उतरायच्या आत संपलं.

पुष्कळ लोक आले. सगळे मला म्हणत, छान होत्या हो बाई, फार छान. मी मान हलवत होतो. माझं बोट माझ्या गुडघ्यावर आपोआप गोल फिरत होतं, ते मी दुसऱ्या हाताने धरून ठेवलं.

सगळे गेल्यावर मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. इस्त्रीचं टेबल अजून तिथेच होतं. त्याने विचारलं, "शेवटी काही म्हणाली?"

"छान म्हणाली."

मग त्याने अगदी तिच्यासारखं विचारलं, "कसं?"

मला ते टोमण्याचं होतं की सरळ, हे सांगता येत नव्हतं. आजही येत नाही. म्हणून जे माहीत होतं ते सांगितलं. "अभ्रा गरम होता. तिने गाल टेकवला. ती पूर्वी दुकानात यायची तेव्हा थंडीत कपडे असेच धरून उभी राहायची. मी तिकडे बघायचो नाही. या वेळी बघितलं."

त्याने मान हलवली.